आप्पा गप्प का झाले?

“बाप आयुष्यभर पाहुण्यासारखा आला-गेला. आता कायमचा घरात आहे, तर भिंतीकडं बघत बसतो. आमचं काही चुकलं का?”

लातूरला माझ्याकडं समुपदेशनाला येणाऱ्या पन्नाशीतल्या लेकांचा हा प्रश्न थोड्याफार फरकानं ठरलेला असतो. कोणाचे वडील फौजेत होते, कोणाचे रेल्वेत, कोणाचे ट्रकवर. इथं ज्यांच्याबद्दल लिहितेय ते तेलविहिरींवर होते. कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

आप्पा ८२ वर्षांचे. औसा तालुक्यातलं कोरडवाहू गाव, चार भावांत थोरले. साठच्या दशकाच्या शेवटी गुजरातेत अंकलेश्वरला रिगवर, म्हणजे तेलविहीर खोदणाऱ्या यंत्रणेवर, लागले. आधी रिगमन, मग टॉपमन. टॉपमन म्हणजे डेरिकच्या (विहिरीवरच्या मनोऱ्याच्या) उंच फळीवर उभं राहून विहिरीतून वर येणारा पाइप ओढून घेऊन रांगेत लावणारा माणूस. ७२च्या दुष्काळात गावाकडं बायको खडी फोडायला जात होती आणि पोरं सुकडीवर होती, कारण आप्पांच्या एका पगारावर चारही भावांची चूल होती. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या रिगला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल लागलं, १९७६ साली उत्पादन सुरू झालं आणि पुढं आप्पांची बदली तिकडं झाली. जुहूवरून हेलिकॉप्टर, १४ दिवस समुद्रात रोज १२ तासांची पाळी, मग १४ दिवस सुट्टी. साठीला निवृत्त झाले. त्यानंतरची वीस वर्षं गावी विहीर, तूर आणि सोयाबीन यांत गेली. दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले, तेव्हा मुलानं दोघांना लातूरच्या फ्लॅटवर आणलं.

तक्रारी तीन होत्या. बोलत नाहीत. रात्री घरभर फिरतात. आणि सून झोपायला गेली की उठून गॅसचं बटण तपासतात, तेही तीन-तीनदा. सुनेला हे फार लागलं होतं. “पंचवीस वर्षं स्वयंपाक करतेय मी, यांचा माझ्यावर विश्वास नाही.”

मुलगा निदान घेऊनच आला होता. हल्ली सगळेच मोबाइलवर व्हिडिओ बघून येतात, त्याला इलाज नाही. त्याचं म्हणणं, वडील सतत बाहेर राहिले म्हणून त्यांना घरच्यांची ओढच लागली नाही. ही कल्पना अगदी निराधार नाही. उत्तर समुद्रात तेल निघालं, त्या काळात स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या मानसोपचारतज्ज्ञांनी तेल कामगारांच्या बायकांचा असा त्रास नोंदवला होता. नवरा गेला की सगळा कारभार तिच्या हातात येतो. तो परत आला की त्याला त्याची जागा हवी असते, आणि दोघांचं जरा जुळतं न जुळतं तोच त्याची जायची वेळ होते. आप्पांच्या घरीही हे झालंच असणार.

पण मी मुलाला एकच विचारलं: हे गप्प बसणं कधीपासून? तो म्हणाला, “तसे ते पहिल्यापासूनच...” आणि थांबला. कारण गावी आप्पा पारावर तास-तास बसायचे. बैलांच्या किमतीपासून सरपंचाच्या भानगडीपर्यंत सगळं त्यांना ठाऊक असायचं. म्हणजे हा स्वभाव नव्हे. मुकेपणाचं वय दोनच वर्षं होतं, आणि त्यासाठी आख्ख्या आयुष्याला जबाबदार धरण्याचं काही कारण मला दिसेना.

आप्पा आले ते डावा कान पुढं करून बसले. मी विचारलं, “झोप कशी आहे?” ते म्हणाले, “सोपं आहे.” थोड्या वेळानं त्यांच्या पत्नी (मी त्यांना मावशी म्हणते) भाच्याच्या अपघाताबद्दल सांगत होत्या, तर आप्पा मान डोलवत हसले. मुलानं माझ्याकडं ‘बघा’ अशा नजरेनं पाहिलं. मी चिठ्ठी लिहिली ती कानाच्या तपासणीची. सोबत थायरॉइड आणि बी-१२, कारण या वयात मन उदास दिसतं तेव्हा रक्त तपासल्याशिवाय मी पुढं जात नाही.

रक्त ठीक निघालं. कानाचा आलेख मात्र ४००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यासारखा खाली गेलेला. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलेल्यांचा आलेख असाच दिसतो, आणि वय वाढेल तशी आजूबाजूची पट्टीही ढासळते. डिझेल इंजिनं, मड पंप, पाइपावर पाइप आदळणं. “कानात कापूस घालायचो आम्ही,” आप्पा म्हणाले. अशा माणसाला आवाज येतो, शब्द येत नाहीत. ‘आ’, ‘ओ’ ऐकू येतात. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘फ’ गळून पडतात. बायकांचा आणि लहान मुलांचा बारीक आवाज आधी जातो. टीव्ही किंवा मिक्सर चालू असला तर सगळाच गोंधळ. घरच्यांना वाटतं, हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं यांना. येतंच, समोर बसून, शांत खोलीत, जाड आवाजाचा माणूस बोलला तर.

दुसरी गोष्ट घरी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. ऐकू कमी येणारा माणूस मोठ्यानं बोलतो. गावच्या अंगणात त्याचं कोणाला काही वाटलं नाही. फ्लॅटमध्ये नातू ‘नीट’ परीक्षेच्या तयारीला बसलेला, आणि लातुरात ज्या घरात नीटचं पोरगं आहे तिथं कुकरची शिट्टीसुद्धा दबकत होते. “आप्पा, हळू.” दिवसातून दहा वेळा, प्रेमानंच. मग त्यांनी बोलणंच सोडलं. मला हे रुसणं वाटलं नाही. ज्याला स्वतःचा आवाज किती मोठा आहे तेच कळत नाही, तो आणखी काय करणार?

गॅसचं बटण त्यांनी स्वतःच उलगडून सांगितलं. विहिरीत मड, म्हणजे चिखलासारखं जड द्रावण, भरतात ते तिच्या वजनानं खालचा वायू दाबून ठेवायला. मड हलकी पडली किंवा लक्ष चुकलं, की वायू उसळून वर येतो. १९९५ साली आंध्रात पासरलापुडीला अशी विहीर पेटली ती ६५ दिवस जळत होती. आप्पा तिथं नव्हते, पण त्या दिवसांत रिगवर दुसरा विषय नव्हता. “वास यायच्या आधी बघायचं असतं,” ते म्हणाले. सून शेजारीच बसली होती. आता झोपण्याआधी दोघं मिळून बटण बघतात. त्यानं तीनाचं एकावर आलं. एवढं मला पुरेसं वाटतं. ८२ व्या वर्षी कोणाची सवय मुळापासून उपटायला मी जात नाही.

यंत्रं दोन्ही कानांना लागली. पहिले काही आठवडे वाईट गेले. भांड्यांचा आवाज खिळ्यासारखा टोचतो म्हणून ते काढून ठेवायचे. हे जवळपास सगळ्यांचंच होतं, आणि घरचे इथंच ‘पैसे वाया गेले’ म्हणून सोडून देतात. सुरुवातीला दिवसातून तास-दोन तास, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना घालायचं. बोलणाऱ्यानं समोर यायचं, तोंडावर उजेड असू द्यायचा, ओरडायचं नाही. आप्पांना पेन्शन आहे. ज्यांची ऐपत नाही अशा ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकतं. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारावं.

कान उघडल्यावर जे बाहेर आलं त्याची मला अपेक्षा नव्हती. म्हाताऱ्या माणसाला आपलं आयुष्य पुन्हा चाळून बघावंसं वाटतं, हे भ्रमिष्टपण नाही, ते मनाचं कामच आहे, असं रॉबर्ट बटलर या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं १९६३ साली मांडलं. मी ते काम मावशींना समोर बसवून करते. एकट्याचं आयुष्य एकट्यानं सांगितलं की ते फार लवकर भाषण होतं.

बोलता बोलता १९९३चा भूकंप आला. गणपती विसर्जनाची रात्र, ३० सप्टेंबरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. मुलगा शिकायला औरंगाबादला, आप्पा समुद्रावर. घराचं माळवद खाली आलं तेव्हा घरात सासू, मुलगी आणि मावशी. मावशींनी सासूला दगडामातीतून हातांनी उकरून काढलं. तिघी वाचल्या. रिगवर आप्पांना ट्रान्झिस्टरवरून किल्लारी आणि सास्तूर ही नावं कळली, आपल्या गावाचं नाव काही बातमीत येईना. मिळालं त्या हेलिकॉप्टरनं किनाऱ्याला, मग सोलापूरपर्यंत रेल्वे, तिथून जे मिळेल ते वाहन. तिसऱ्या रात्री पोचले, तर मावशी पत्र्याखाली बसलेल्या. त्या एवढंच म्हणाल्या, “आलाव का आता?”

ते वाक्य आप्पांनी तीस वर्षं जवळ ठेवलं होतं. मी मावशींकडं पाहिलं. मला वाटलं, त्या म्हणतील तसं मनात नव्हतं. त्या म्हणाल्या, “टोमणाच हुता. मग काय आरती करायची हुती?”

मग आप्पा म्हणाले, सोलापूरला उतरल्यावर आपण पांढरं कापड घेतलं होतं. तिघींना पुरेल एवढं. तिकडं कापड मिळत नाही असं स्टँडवर कोणी तरी सांगितलं म्हणून. ते नंतर शेजारच्या गल्लीत देऊन टाकलं. हे त्यांनी कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

मावशींना कापड आठवत होतं. “मी म्हणले हुते, ह्या वक्ताला धोतराचं कापड कशाला आणलाव. तवा बोलला न्हाईत.” थोडं थांबून म्हणाल्या, “सांगायचं की.”

त्या दिवशी मी दुसरं काही विचारलं नाही.

तुमच्या घरी असं कोणी असेल तर आधी मुकेपणाची तारीख काढा. कान तपासा, मग डोळे आणि औषधांची यादी. घर बदललं का, बायको गेली का, पारावरचे सोबती किती उरले, हे बघा. वडील जेवण सोडत असतील, वजन उतरत असेल, ‘मी आता ओझं झालोय’ अशी भाषा येत असेल, तर समुपदेशकावर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडं न्या. म्हातारपणीचं नैराश्य रडून कमी आणि चिडून जास्त दिसतं, आणि ते औषधानं बरं होतं. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

आप्पा अजून रात्री उठतात. आयुष्यभर रात्रपाळ्या केलेल्या माणसाची झोप मी पूर्ण जुळवून देऊ शकेन असं मुलाला सांगितलेलं नाही. नातवानं मात्र परवानगी दिली आहे: संध्याकाळी सात ते आठ मोठ्यानं बोललं तरी चालेल. त्या तासात आप्पा गावी फोन लावतात, आणि खालच्या मजल्यावरच्यांनाही तुरीचा भाव कळतो.

पुढच्या आठवड्याची वेळ मावशींनी मागून घेतली आहे. एकट्या येणार आहेत. “ह्यांचं झालं असंल तर माझंबी ऐका,” म्हणाल्या. “चौदा-चौदा दिवस मीबी ड्यूटीच केली की.”