ऑफिसातून निघालेल्या छोट्या डेस्कटॉपला कोणता मॉनिटर आणि कोणती केबल घ्यावी?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: पुस्तकाएवढा रिफर्बिश्ड डेस्कटॉप घेतलाय, आत इंटेलचा आय५-८५००टी प्रोसेसर, मागे मॉनिटर जोडायला दोन पोर्ट: एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट. काम दिवसभर मराठी अनुवादाचं आणि मुद्रितशोधनाचं, संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरतात. दुकानदार २७ इंची फुल एचडी मॉनिटर आणि सोबत एचडीएमआय केबल देतोय. शिवाय घरचा टीव्हीच जोडला तर चालेल का, असंही विचारलंय.

२७ इंच घ्या, पण फुल एचडी (१९२० × १०८० पिक्सेल) नको. जमत असेल तर फोर-के (३८४० × २१६०), नसेल तर २५६० × १४४०. आणि यातला कुठलाही घेतलात तरी जोडा डिस्प्लेपोर्टवर. बजेट फुल एचडीचंच असेल तर २७ सोडून २४ इंच घ्या.

मी स्वतः घरून मुद्रितशोधन करते. श्रावणात दिवाळी अंकांची प्रूफं यायला लागतात, ती दसरा उलटला तरी संपत नाहीत. म्हणून हे सगळं मी गेम किंवा सिनेमाच्या नाही, अक्षराच्या बाजूने सांगते आहे.

‘वर्षात’ आणि ‘वर्षांत’ हे दोन शब्द घ्या. ‘या वर्षात’ म्हणजे एक वर्ष, ‘गेल्या दहा वर्षांत’ म्हणजे अनेक. फरक काय, तर रफाराच्या कुशीत बसलेला एक ठिपका. विंडोजमध्ये स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चित्रं किती मोठी दाखवायची ते प्रमाण, १०० टक्के असेल तर १२ पॉइंटच्या अक्षराच्या चौकटीला उंचीत १६ पिक्सेल, म्हणजे स्क्रीनचे १६ कण, मिळतात. तेवढ्यात शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षराचा पाय, हे सगळं बसवायचं असतं. अनुस्वाराच्या वाट्याला जेमतेम एखाद-दुसरा पिक्सेल येतो आणि तो रफाराला चिकटला की दिसेनासा होतो. विंडोजचं क्लिअरटाइप अक्षरं गुळगुळीत करतं, पण ते पिक्सेलच्या आतल्या लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्या वापरून, म्हणजे आडव्या दिशेने. इंग्रजीच्या उभ्या काड्यांना त्याचा चांगला फायदा होतो. आपल्या लिपीची सगळी गर्दी मात्र वर-खाली असते.

आता मापं बघा. २७ इंची फुल एचडीवर एक पिक्सेल साधारण ०.३१ मिलिमीटरचा असतो, २४ इंचीवर ०.२७, १४४० वाल्या २७ इंचीवर ०.२३ आणि फोर-के २७ इंचीवर ०.१६. दुकानदाराच्या मॉनिटरवर तुमचं अक्षर पाचेक मिलिमीटरचं दिसेल, मोठं दिसेल, पण ते त्याच १६ पिक्सेलमध्ये रेखलेलं असेल. फोर-के घेऊन स्केलिंग २०० टक्के केलंत, की अक्षराची लांबी-रुंदी तेवढीच राहते आणि १६ च्या जागी ३२ पिक्सेल येतात. आडवे-उभे मिळून चौपट. ठिपका ठिपक्यासारखा दिसतो, ‘ऱ्हास’मधला चंद्रकोरी र कोरीव दिसतो. १४४० वर १२५ टक्के ठेवलंत तर २० पिक्सेल मिळतात. हाही चांगला मध्यममार्ग आहे. २४ इंची फुल एचडीवर पिक्सेल १६ च राहतात, पण ते बारीक असतात, आणि स्क्रीनची उंची जवळजवळ ए-फोर कागदाएवढी, ३० सेंटिमीटरच्या आसपास असते. एकावेळी एकच पान वाचणाऱ्याला ते पुरतं. अनुवाद करताना मूळ मजकूर आणि आपला मजकूर शेजारी-शेजारी ठेवायचा म्हटलं, की २७ इंचाची साठेक सेंटिमीटर रुंदी हवीहवीशी वाटते. दोन ए-फोर मिळून ४२ सेंटिमीटर होतात, वर शब्दकोशाची खिडकी उघडायला जागा उरते.

आता केबल. इथे मी चुकले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझा पीसीही तुमच्यासारखाच, ८ व्या पिढीचा. फोर-के मॉनिटर आणला, खोक्यात एचडीएमआय केबल होती ती लावली. अक्षरं सुरेख दिसली. पण माउसचा बाण टेबलावर हात फिरवला की सरकण्याऐवजी उड्या मारत जायचा. पान खाली सरकवताना ओळी पायऱ्या उतरल्यासारख्या उतरायच्या, आणि तासाभरात डोकं जड व्हायचं. ज्यांच्याकडून पीसी घेतला त्यांना फोन केला तर ते म्हणाले, रॅम वाढवा. मी वाढवली. काही फरक नाही. शेवटी सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, त्याखाली अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडलं, तर तिथे ३० हर्ट्झ लिहिलेलं. स्क्रीन सेकंदाला ६० ऐवजी ३० वेळाच नवं चित्र काढत होती.

कारण चिपमध्येच आहे. या पिढीच्या इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सला थेट मिळणारा एचडीएमआय १.४ दर्जाचा असतो. त्याची मर्यादा सेकंदाला १०.२ गिगाबिट, आणि तेवढ्यात फोर-के ३० हर्ट्झपर्यंतच जातं. ६० साठी १८ गिगाबिटचा एचडीएमआय २.० लागतो. तो जाहीर झाला २०१३ मध्ये, तुमचा प्रोसेसर आला २०१८ मध्ये, तरी तो यात थेट मिळत नाही. काही कंपन्या मदरबोर्डवर वेगळी रूपांतर करणारी चिप बसवून ही कसर भरून काढतात, पण ऑफिसच्या पीसीत ती असेलच असं धरून चालू नका. म्हणूनच खोक्यावर ‘८के’ किंवा ‘२.१’ लिहिलेली महाग एचडीएमआय केबल घेऊन उपयोग होणार नाही. अडचण केबलमध्ये नाही, पोर्टमध्ये आहे. त्याच पीसीच्या डिस्प्लेपोर्टमधून मात्र फोर-के ६० हर्ट्झला निवांत जातं. ती क्षमता डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये २०१० पासूनच आहे. मी केबल बदलली आणि त्या दिवसापासून डोकं जड होणं थांबलं. १४४० चा मॉनिटर घेतलात तर तो एचडीएमआय १.४ वरही ६० हर्ट्झला चालतो, तिथे एवढा धोका नाही.

केबल दोन्ही टोकांना डिस्प्लेपोर्ट असलेली घ्या, लांबी दोन मीटरच्या आत. एका टोकाला डिस्प्लेपोर्ट आणि दुसऱ्याला एचडीएमआय अशी केबल स्वस्तात मिळते, ती टाळा. साध्या प्रकारातली असेल तर फोर-केला पुन्हा ३० वर आणून ठेवते. शिवाय ती एकाच दिशेने चालते: पीसीच्या बाजूला डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरच्या बाजूला एचडीएमआय. उलटी लावली तर स्क्रीन काळीच राहते.

मॉनिटरसोबत डिस्प्लेपोर्ट केबल आली असेल तर आधी तीच वापरा. वेगळी घ्यावी लागली तर अगदी स्वस्तातली नको. या पोर्टला २० पिना असतात आणि विसाव्या पिनेवर ३.३ व्होल्टचा पुरवठा असतो, तो अडॅप्टरसाठी. पीसी ते मॉनिटर जाणाऱ्या केबलमध्ये ही पिन जोडायची नाही असं प्रमाण आहे, पण काही हलक्या केबलींमध्ये ती जोडलेली असते. मग मॉनिटरची वीज उलटी पीसीत शिरते आणि विचित्र प्रकार सुरू होतात: बंद केलेल्या पीसीचा दिवा मिणमिणत राहतो, किंवा केबल काढल्याशिवाय पीसी सुरूच होत नाही. असं काही दिसलं तर पीसी दुरुस्तीला नेण्याआधी केबल बदलून बघा. आणि काढताना ओढू नका. केबलच्या टोकावर बटण असेल तर ते दाबा, आतले दोन हूक सुटतात.

टीव्हीचं थोडक्यात: नको. टीव्ही बऱ्याचदा चित्राच्या कडा कापतो आणि रंगाची माहिती शेजारच्या पिक्सेलांत वाटून टाकतो. काळं अक्षर निभावून जातं, पण वर्डच्या ट्रॅक चेंजेसमधली लाल दुरुस्ती पुसट, फाटल्यासारखी दिसते. आपलं अर्धं काम त्या लाल अक्षरांतच असतं.

पॅनल आयपीएस घ्या, बाजूने पाहिलं तरी अक्षर फिकं पडत नाही. उंची कमी-जास्त होणारा स्टँड असेल तर त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजा. मानेला त्याची गरज असते. पीसी मॉनिटरच्या पाठीवर लावायचा विचार असेल तर १०० × १०० मिलिमीटरवरची स्क्रूची चार भोकं आहेत ना, आणि ती स्टँडनेच अडवलेली नाहीत ना, हे विकत घेण्याआधी बघा.

मॉनिटर घरी आला की पहिल्याच दिवशी अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये ६० हर्ट्झ दिसतंय का ते तपासा. मग वर्डमध्ये १२ पॉइंटला ‘वर्षात वर्षांत’ टाइप करा, नेहमीच्या खुर्चीत नेहमीच्या अंतरावर बसा आणि घरातल्या कुणाला तरी त्यातला एक शब्द पुसायला सांगा. उरलेला कोणता, हे पुढे न वाकता ओळखता आलं नाही, तर आधी स्केलिंग वाढवून बघा. तरीही जमलं नाही तर परत करायची मुदत आहे तोवर मॉनिटर बदलून घ्या. तोपर्यंत खोकं आणि थर्माकोल टाकू नका.