बुडालेल्या ऐतिहासिक जहाजाचं थ्रीडी स्कॅन केलं म्हणजे ते जतन झालं असं म्हणता येईल का?

नाही, स्कॅन केल्याने जहाज गंजायचं काही थांबत नाही, फक्त त्या दिवशी ते नेमकं कसं होतं याची मोजता येईल अशी नोंद हातात राहते. टायटॅनिकचंच बघा, २०२२ मध्ये साधारण ३८०० मीटर खोल रोबोट सोडून ७ लाखांहून जास्त फोटो काढले आणि ते जोडून पूर्ण मॉडेल बनवलं (याला फोटोग्रामेट्री म्हणतात), त्यात पुढच्या टोकाचं रेलिंग जागेवर दिसत होतं आणि २०२४ ला परत खाली गेले तर त्याचा साधारण साडेचार मीटरचा तुकडा गळून पडलेला. म्हणजे खरा उपयोग पुन्हा पुन्हा स्कॅन करण्यात आहे, जुनं आणि नवं मॉडेल एकावर एक ठेवलं की कुठला पत्रा वाकला, कुठली वाळू वाहून गेली, कोणी काही उचलून नेलं का, हे कळतं. मग त्यावरून प्रत्यक्ष उपाय ठरतो:

- लोखंडी जहाज असेल तर जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे अॅनोड (स्वतः झिजून लोखंड वाचवणारे धातूचे ठोकळे) जोडायचे, म्हणजे जहाजाच्या आधी ते झिजतात
- लाकडी असेल तर वाळूने झाकून टाकायचं, कारण ऑक्सिजन मिळाला नाही की लाकूड पोखरणारे शिपवर्म जगत नाहीत

फक्त एक आहे, गढूळ पाण्यात फोटोग्रामेट्री फारशी चालत नाही, तिथे मल्टिबीम सोनार (ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून आकार मोजणारं यंत्र) वापरतात, त्यात आकार चांगला मिळतो पण रंग आणि बारीक तपशील जातात.