मंडळात कामं कशी वाटायची?

प्रश्न : यंदा आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचं अध्यक्षपद माझ्याकडे आलंय. पोरं तीसेक, उत्साह भरपूर, पण गेल्या वर्षी मंडपाच्या परवान्याला कोणीच गेलं नाही, सगळ्यांना वाटलं दुसरा गेलाय. कामं कशी वाटू? – एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचं दुखणं मला चांगलं कळतं, आमच्याकडे एका वर्षी विसर्जनाला ट्रॅक्टर सांगायचाच राहिला होता, आरती झाली, ढोल सुरू झाले आणि मूर्ती मंडपातच. "कोणीतरी बघा रे" हे मीटिंगमध्ये बंदच करा. एका कामाला एकच नाव, मदतीला हवे तेवढे घेऊ देत, पण विचारायचं त्या एकालाच.

आधी परवानग्या. नगरपालिका, पोलीस, महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन, आणि मंडळ रजिस्टर नसेल तर वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी, ती १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली लागते. याला चिकाटीचा माणूस द्या, हेलपाट्यांना न कंटाळणारा, मग तो मीटिंगमध्ये गप्प बसणारा का असेना.

पैशाचं मात्र दोघांत वाटा, वर्गणी मागणारा वेगळा, हिशोब लिहिणारा वेगळा. कुठलं पावतीपुस्तक कोणाकडे, कितीपासून किती नंबर, हे वहीत सहीनिशी लिहून घ्या, यात संशय नाही, उलट पोरांवर उद्या कोणी बोट दाखवू नये म्हणून.

आणि यादी व्हॉट्सॲपवर टाकून मोकळे होऊ नका, मंडपात फळ्यावर लिहा, नाव, काम, तारीख.