पहिल्या उत्खननाला निघालात ना? मग आधी पिशव्या, चिठ्ठ्या आणि पावसाळा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली. पहिल्यांदाच उत्खननाच्या कँपला चालला आहात, सरांनी सापडलेल्या वस्तूंची नोंद आणि बांधाबांध तुमच्याकडे दिली आहे. तांब्याच्या वस्तू चिंचेने स्वच्छ केल्या तर चालेल का, असं विचारलंय. आणि शेवटी सहज लिहावं तसं लिहिलंय की सिझननंतर माल ताब्यात घेणारं कार्यालय "तेव्हाचं तेव्हा बघू" म्हणतंय.

त्या शेवटच्या वाक्याने माझ्या पोटात गोळा आला. बावीस वर्षांपूर्वी मला नेमकं हेच उत्तर मिळालं होतं, आणि मी ते मुकाट ऐकून घेतलं होतं.

परवाना, टोपी, बूट, खुरप्या-ब्रश यांच्याबद्दल वर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय, त्यात मी पडत नाही. चिंचेचं आधी सांगते: नाही. लिंबू नाही, पितांबरी नाही, व्हिनेगर नाही, ओला टूथब्रशसुद्धा नाही. कारण पुढे येईलच.

आमची साइट मराठवाड्यात होती, गावाशेजारची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. गावकरी पिढ्यान् पिढ्या तिथली माती घरं लिंपायला नेत होते, त्यामुळे एका बाजूने टेकाड आयतंच कापलेलं होतं आणि थर उघडे दिसत होते. दिवसभर चरात काम, संध्याकाळी राहुटीत नोंदी. सिझनच्या शेवटच्या आठवड्यात एका खड्ड्यातून तांब्याचं एक वेढं निघालं, करंगळीत बसेल एवढं. बाहेरून मातीचा आणि हिरवट तपकिरी गंजाचा थर. मी भिंग घेऊन आतली बाजू पाहिली तर गंजात कापडाची वीण उमटलेली. उभे-आडवे धागे मोजता येतील इतकी स्पष्ट. ऊन कललं होतं, फोटोग्राफर तालुक्याला गेला होता. म्हटलं, उद्या फोटो काढू. वेढं झिपच्या पिशवीत घातलं, वहीतल्या कागदाची चिठ्ठी जेल पेनने लिहून त्याच पिशवीत सरकवली आणि झिप नीट दाबून बंद केली. हवा जाऊ नये म्हणून. मला वाटत होतं मी काळजी घेतेय.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या चरात दफन लागलं आणि सगळेच तिकडे धावले. वेढ्याचा फोटो राहिला तो राहिलाच.

आता तांब्याचं. जमिनीत शेकडो वर्षं पडलेल्या तांब्या-ब्राँझमध्ये मातीतली क्लोराइडं मुरलेली असतात. कोरड्या जागी ती गप्प बसतात. दमट हवा लागली की त्यांच्यापासून आम्ल तयार होतं, ते चांगल्या धातूला खातं, त्यातून पुन्हा क्लोराइडं, पुन्हा आम्ल. हे चक्र आपोआप थांबत नाही. वस्तूवर फिकट हिरवी, पिठासारखी पूड दिसायला लागते. याला ब्राँझ डिसीज म्हणतात. गडद, घट्ट, गुळगुळीत हिरवा थर मात्र वेगळा, तो वस्तूचं रक्षण करतो. चिंच लावली की नेमका हा चांगला थर जातो आणि वर आणखी आम्ल आत शिरतं. ओलसर मातीसकट वस्तू झिपच्या पिशवीत बंद करणं म्हणजे तिच्यासाठी खास कोंदट खोली बांधून देणं. मी तेच केलं होतं.

आणि गंज म्हणजे निव्वळ घाण नसते. नेवाशाच्या उत्खननात एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या आत तिचा दोरा टिकून होता, तपासणीत तो रेशमाचा आणि त्यात कापसाचा अंश असलेला निघाला. पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीला तशाच मण्यांत जवसाच्या धाग्याचा दोरा मिळाला. आपल्या हवेत तीन हजार वर्षं दोरा टिकतो का? तो टिकला तांब्याच्या क्षारांमुळे, त्या गंजामुळेच. कुणी हौसेने ते मणी घासले असते तर महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगातल्या, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या काळातल्या, रेशमाबद्दल आज कुणाला बोलताच आलं नसतं. आमच्या वेढ्यावरची वीण कसली होती, हे आता कधीच कळणार नाही.

आता कार्यालयाकडे येते. नाव घेत नाही, आणि तिथे पुढे चांगली माणसंही भेटली. पण त्या वर्षी एप्रिलअखेर आम्ही पेट्या घेऊन गेलो तेव्हा सांगितलं गेलं, यादी आमच्या नमुन्यात तीन प्रतींत हवी. नमुना मागितला तर तो ज्यांच्याकडे होता ते रजेवर. आठ दिवसांनी पुन्हा गेलो, तर साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या खेपेला साहेबांची बदली झालेली, नवे साहेब म्हणाले, मी मोजल्याशिवाय ताब्यात घेणार नाही आणि मोजायला माणूस नाही. "पेट्या इथे ठेवून जा, बघू." आम्ही व्हरांड्यात ठेवल्या. खोक्यांवर ताडपत्री टाकली. पोचपावती मागितली नाही, कारण मागितली तर पेट्या परत न्यायला सांगतील अशी भीती होती. आमचा कँप मोडला होता, ट्रक परत गेला होता, मुलांच्या परीक्षा होत्या. मी पंचवीस वर्षांची होते आणि तिथल्या शिपायालासुद्धा साहेब म्हणत होते.

सप्टेंबरात पेट्या उघडल्या. खालच्या खोक्यांना वाळवी लागली होती. कापडी पिशव्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. झिपच्या पिशव्या शाबूत होत्या, पण आतल्या चिठ्ठ्यांचा लगदा झाला होता आणि जेलची शाई पसरून निळे डाग उरले होते. खापरांच्या साठेक पिशव्यांचा खड्डा, थर, खोली काहीच सांगता येईना. वेढ्याच्या पिशवीत वेढं होतं. त्याच्या भोवती फिकट हिरवी पूड होती आणि आतला विणीचा थर त्या पुडीबरोबर सुटून आला होता.

ती साठ पिशव्यांची खापरं अजून कुठेतरी आहेत. उत्तम भाजणीची, काळ्या रंगाने चितारलेली. पण ती कुठल्या थरातली ते माहीत नाही, त्यामुळे अहवालात एका ओळीच्या पलीकडे त्यांना जागा मिळाली नाही. लोकांना वाटतं वस्तू सापडली की झालं. दायमाबादची ब्राँझं आठवा. १९७४ साली प्रवरेच्या काठी एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना सापडलेली: बैलांचा रथ, गेंडा, हत्ती आणि रेडा. एवढा रथच ४५ सेंटीमीटर लांब. पुढे १९७६ ते १९७९ मध्ये पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळींनी तिथे पद्धतशीर उत्खनन केलं. पण मूळ चार वस्तू कुठल्या थरातल्या हे नोंदलेलं नसल्यामुळे त्यांच्या काळावरून वाद झाला. धातूत आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त, आणि या भागातल्या इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत तसं दिसत नाही, म्हणून काही अभ्यासकांनी शंका घेतली. इतरांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. त्या शेतकऱ्याची काहीच चूक नव्हती, त्याला कोण सांगणार होतं? पण आपल्याला सांगितलेलं असतं, शिकवलेलं असतं. आपण थर हरवला तर ती आपली चूक.

म्हणून माझं आग्रहाचं मत, कुणाला पटो न पटो: कँपवरचा सगळ्यात महत्त्वाचा माणूस खणणारा नसतो, चिठ्ठी लिहिणारा असतो. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. साधी एचबी पेन्सिल पाण्याने जात नाही. फाटत नाही असा टायवेकचा कागद मिळाला तर उत्तम. एक चिठ्ठी वेगळ्या छोट्या पिशवीत घालून आत, दुसरी बाहेर बांधलेली. साइटचं संक्षिप्त नाव, साल, खड्डा, थर, डेटमपासून (मोजमापासाठी ठरवलेल्या पक्क्या बिंदूपासून) खोली, तारीख, लिहिणाऱ्याची आद्याक्षरं. दररोज संध्याकाळी रजिस्टरच्या त्या दिवसाच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून दोन वेगळ्या माणसांना पाठवा. आमच्या वेळी ही सोय नव्हती. तुमच्याकडे आहे, तर एक दिवसही चुकवू नका. आणि वस्तूचा फोटो त्याच दिवशी. फोटोग्राफर नसेल तर मोबाइलने, शेजारी पट्टी ठेवून, दोन्ही बाजूंनी.

खापरांवर नंबर घालाल तेव्हा आतल्या बाजूला घाला. तुटलेल्या कडेवर नको, कारण जोडताना तीच कड लागते. आधी पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक राळेचा पातळ हात, त्यावर शाई, त्यावर पुन्हा हात. नंबर पुढे काढायचा झाला तर ॲसिटोनने निघतो. फेव्हिकॉल मात्र कँपवर नेऊच नका. कुणीतरी हमखास हाडाला लावतं, आणि मग ते पिवळं पडलेलं हाड सोडवता सोडवता प्रयोगशाळेतल्या माणसाच्या नाकी नऊ येतात.

सगळं एकाच घमेल्यात धुवायला घालू नका, ही दुसरी कळकळीची विनंती. इनामगावला एका घराच्या जमिनीखाली मातीचा झाकणाचा करंडा मिळाला. त्यात डोकं नसलेली स्त्रीमूर्ती, आणि वर तशीच आणखी एक मूर्ती बैलासह. हे सगळं कच्च्या मातीचं, न भाजलेलं. ते कुणी सवयीने पाण्यात टाकलं असतं तर पाच मिनिटांत चिखल झाला असता. धुवायची ती फक्त भाजलेली खापरं, आणि त्यातही रंग सुटतोय का ते आधी कोपऱ्यात पाहून. धातू, कच्ची माती, हाड, काच, कोळसा यांना पाणी नको. कोळसा तारखेसाठी जाणार असेल तर हात लावू नका. चिमट्याने उचला, ॲल्युमिनियम फॉइलमध्ये ठेवा.

तांबं आणि लोखंड यांच्यासाठी घट्ट झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे घ्या, मसाल्याला किंवा फराळाला वापरतो तसलेच. वस्तू आधी सावलीत पूर्ण कोरडी करा. मग भोकं पाडलेल्या छोट्या पिशवीत ठेवा, अशा पिशव्या डब्यात, आणि डब्यात भरपूर सिलिका जेल. तळाशी आर्द्रता दाखवणारी पट्टी ठेवा. तांब्यासाठी आकडा चाळीस टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे, लोखंडासाठी त्याहूनही बराच कमी. निळं जेल गुलाबी झालं की संपलं, तापवून पुन्हा वापरता येतं, पण घरच्या स्वयंपाकाच्या भांड्यात नाही. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं आणि ते विषारी आहे. हाडाचं उलटं: त्याला एकदम कोरडं करू नका, उन्हात ठेवलं तर फुटतं. सावलीत, हळूहळू.

मी रसायनशास्त्र शिकलेली नाही. पाच-सहा कँप आणि पुढे एका संग्रहालयात काढलेली वर्षं एवढीच माझी शिदोरी. कुठल्याही वस्तूवर फिकट हिरवी पूड दिसली तर स्वतः काही लावू नका. काही जण बेंझोट्रायझोल सुचवतील. ते प्रयोगशाळेत, हातमोजे घालून वापरायचं रसायन आहे, राहुटीत नाही. कोरड्या डब्यात वेगळं ठेवा, फोटो काढा आणि जाणकारांना विचारा. लखनौला सांस्कृतिक वस्तूंच्या संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा १९७६ पासून आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे. संकोच करू नका. या क्षेत्रातल्या माणसांना असे प्रश्न वेळेवर आलेले आवडतात, सप्टेंबरात नाही.

आता तुमच्या "तेव्हाचं तेव्हा बघू" बद्दल, कारण खरी गाठ तिथे आहे. कँप सुरू व्हायच्या आधी, म्हणजे याच आठवड्यात, सरांच्या सहीने त्या कार्यालयाला पत्र द्या. ताब्यात देण्याची अपेक्षित तारीख, पेट्यांची अंदाजे संख्या, त्यांचा यादीचा नमुना मिळावा ही विनंती. पत्र आवक शाखेत द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. उत्तर आलं नाही तरी तो क्रमांक पुढे कामाला येतो. मेलवर विसंबू नका. आणि एवढं करूनही एप्रिलअखेर त्यांनी हात वर केले तर पेट्या व्हरांड्यात ठेवून येऊ नका. विभागातलं कपाट, कॉलेजची स्टोअररूम, सरांची खोली, कुठेही चालेल, पण जिथली किल्ली तुमच्या माणसाकडे आहे आणि जिथे जुलैत कुणी तरी आठवड्याला डबा उघडून जेल बघेल अशी जागा. परवान्याच्या अटींत वस्तू कुठे ठेवायच्या याचं बंधन असू शकतं, ते सरांना विचारून घ्या, आणि तात्पुरती जागा ठरली की तेही पत्राने कळवा.

आणखी एक. शेवटच्या चार दिवसांत खणणं थांबवा, असं सरांना सांगायची हिंमत करा. सगळ्यांना शेवटच्या दिवसापर्यंत खणायचं असतं, कारण चांगलं काहीतरी नेहमी शेवटच्याच दिवशी लागतं. आमचं वेढंही शेवटच्या आठवड्यातलं. पण बांधाबांधीला चार दिवस मिळाले असते तर ते नीट कोरडं झालं असतं, त्याचा फोटो निघाला असता.

मला व्यक्तिगत निरोप करा. माझ्या रजिस्टरच्या छापील पानाचा नमुना आहे, रकाने आखलेला, तो पाठवते. आणि पेन्सिली डझनभर न्या, कँपवर त्या फार हरवतात.