घरची गांडूळ पेटी : वास येणे, गांडुळे पळणे, मरणे यावर सल्ला

प्रश्न (पंचवटी, नाशिक) : मार्चमध्ये गच्चीवर प्लॅस्टिकच्या डब्यात एक किलो गांडूळ कल्चर (खतासाठी विकत मिळणारी गांडुळे) सोडले. घरातला सगळा ओला कचरा आणि उरलेले द्राक्षमणी रोज टाकत होतो. आठ दिवसांत आंबूस वास सुटला, गांडुळे झाकणापर्यंत चढली, बरीच मेली. चूक कुठे झाली?

उत्तर : चुका दोन. खाणे जास्त झाले आणि जागा तापली. यातली पहिली नव्याने सुरू करणारे जवळपास सगळेच करतात. उपाशी ठेवून गांडुळे मारणारा क्वचितच भेटतो.

एक किलो कल्चर रोज अर्धा किलो कचरा खाते असे सांगितले जाते, पण ते जम बसलेल्या पेटीचे. पहिले तीन आठवडे दिवसाला दीडशे ते दोनशे ग्रॅमच द्या आणि आधीचे दिसेनासे झाल्याशिवाय पुढचे टाकू नका. गांडूळ ताजी भाजी खात नाही, भाजीवर वाढलेले जिवाणू आणि कुजून मऊ झालेला भाग खाते. त्याच्या वेगापेक्षा जास्त माल पडला की तो आंबतो. द्राक्षात साखर भरपूर, म्हणून ती सगळ्यांत आधी आंबतात. पेटी तापते, आम्लता वाढते, हवा संपते. अशा पेटीतले गांडूळ उचलून पाहा. अंग एकसारखे न राहता माळेतल्या मण्यांसारखे गाठी-गाठींचे झालेले असेल, तर खाणे बाधले आहे असे समजा. न कुजलेले सगळे काढून टाका, कोरड्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि मूठभर अंड्याच्या टरफलांची बारीक पूड मिसळा, आठवडाभर काही घालू नका.

दुसरी चूक उन्हाची. आयसेनिया फेटिडा ही खताची लाल गांडुळे १५ ते २५ अंशांत खुशीत असतात. पेटीच्या आत ३५ च्या पुढे पारा गेला की मरू लागतात. नाशकात एप्रिल-मेमध्ये बाहेरच चाळिशी गाठली जाते, मग गच्चीवरचा बंद डबा म्हणजे भट्टीच. पेटी पूर्वेच्या गॅलरीत, जिन्याखाली किंवा मोरीजवळच्या सावलीत ठेवा. दुपारी वर ओले गोणपाट टाका.

पेटी नव्याने लावताना टोमॅटोची जुनी जाळी (प्लॅस्टिकचा क्रेट) घ्या. हवा चहूबाजूंनी खेळते, पाणी साचत नाही; आतून शेडनेटचे अस्तर लावले की माल सांडत नाही. तळाला दोन इंच नारळाच्या शेंड्या, त्यावर सहा इंच थर : पंधरा-वीस दिवसांचे, गार झालेले शेण आणि भिजवलेला पालापाचोळा निम्मा-निम्मा. ताजे शेण तापते, ते नको. गुरांना नुकतेच जंताचे औषध दिले असेल तर ते शेणही घेऊ नका, त्यात औषधाचा अंश राहतो. हा थर दोन दिवस तसाच ठेवा. हात घातल्यावर गार लागला तरच गांडुळे वर सोडा. ती आपणच खाली जातात. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून वापरा. ओलावा मुठीने तपासा : थर दाबल्यावर बोटांतून एक-दोन थेंब यावेत, धार नको.

भाज्यांची देठे, चहाचा चोथा, केळीची साल बारीक चिरून घाला आणि प्रत्येक वेळी वर कोरड्या पाल्याने झाका. चिलटे येतात ती उघड्या खाण्यावर. लिंबाची साले, कांद्याचा ओला कचरा, फोडणीचे, मिठाचे, मांस-मासे वर्ज्य. कांद्याची कोरडी टरफले थोडी चालतात. मुंग्यांसाठी जाळी चार विटांवर ठेवून प्रत्येक वीट पाण्याच्या थाळीत उभी करा.

प्रश्न (निफाड) : शेतातली गांडुळे पेटीत चालतील का?

उत्तर : नाही. ती जमिनीत खोल बिळे करणारी, मातीसोबत सेंद्रिय पदार्थ खाणारी असतात. पेटीत तगत नाहीत आणि शेतातूनही कमी होतात. त्यांना शेतातच राहू द्या, कल्चर विकत घ्या. तुमच्याकडे थंडीत पारा फार घसरतो, तेव्हा पेटी घरात आणा आणि खाणे निम्मे करा.

प्रश्न (दिंडोरी) : द्राक्षबागेच्या छाटणीचा पाला वापरावा का?

उत्तर : बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण) किंवा कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची फवारणी झालेला पाला घरच्या पेटीत नकोच. मोरचुदातले तांबे कुजल्यावरही नाहीसे होत नाही; ते आणि कार्बेन्डाझिम, दोन्ही गांडुळांना घातक आहेत. शेताच्या कडेची शेवरी, गिरिपुष्पाचा पाला घ्या.

खत साधारण दोन महिन्यांत, काळे आणि चहापत्तीसारखे दाणेदार झाले की काढा. त्याआधी तीन-चार दिवस पाणी बंद. माल कागदावर ढिगाने ओतून उजेडात ठेवा. गांडुळे तळाशी जातात, वरचे वरचे खरडून घ्या. बारीक पिवळसर, लिंबासारख्या घाटाचे दाणे दिसतील, ती अंडकोषे, म्हणजे गांडुळांच्या अंड्यांची कवचे. प्रत्येकातून दोन-तीन पिल्ले येतात, म्हणून ही अंडकोषे परत पेटीत टाका. बारा इंची कुंडीला महिन्याला दोन मुठी खत पुरते.