सडबरीला पाहुणे म्हणून या, बिऱ्हाड घेऊन नको

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅनडाचं पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) हातात आलंय, मुलं चार आणि नऊ वर्षांची, इंदिरानगरचा फ्लॅट भाड्याने देऊन १५ डिसेंबरच्या सुमारास टोरांटोला उतरायचं. तिथून थेट उत्तरेला सडबरीला मेहुण्याकडे, कारण सासू-सासरे तिथे आहेत. नाताळची सुट्टी मुलांनी आजोळी बर्फात घालवायची आणि जानेवारीत टोरांटोकडे येऊन घर, नोकरी, शाळा बघायची. शेवटी लिहिलंय, ‘आम्ही नाशिकचे, थंडीची सवय आहे.’

सडबरी हा शब्द वाचला म्हणून लिहायला बसले. माझं माहेर पंचवटीत, सासर नाशिकरोडला जेलरोडवर, आणि टोरांटोशेजारच्या मिसिसागात हे आमचं अकरावं वर्ष. माझे सासू-सासरे सडबरीला मोठ्या दिरांकडे असतात. दर नाताळात आमची वरात तिकडे जाते. आणि पहिल्या वर्षी आम्ही नेमकं तेच केलं होतं जे तुम्ही करायला निघालाय. म्हणून सांगते, जा, जरूर जा. फक्त देश बदलणं आणि आजोळची सुट्टी एकाच तिकिटात कोंबू नका.

आम्ही १७ डिसेंबरला उतरलो. आठ बॅगा आणि पाच वर्षांचा पोरगा. दीर व्हॅन घेऊन आले होते, त्याच रात्री सडबरी. हिवाळ्यात आपल्यात आणि इथे साडेदहा तासांचा फरक असतो, म्हणजे दिवसाची रात्र अगदी पुरती होते. पोरगा रात्री दोनला टक्क जागा, ‘आई, बर्फ कधी?’ घरं लाकडी. वर कोणी पाणी प्यायला उठलं तरी खाली तळघरात झोपलेल्याला कळतं कोण उठलंय ते. पहिले तीन दिवस सगळ्यांनी कौतुकाने सोसलं.

चौथ्या दिवसापासून खरी गंमत. गाडी दिरांची, रस्ता अनोळखी, बाहेर उणे बावीस, पायी जावं असं दुकान नाही. ओंटारिओत (टोरांटो, सडबरी दोन्ही याच प्रांतात) नव्या रहिवाशाला आपल्या लायसन्सवर ६० दिवस गाडी चालवता येते हे खरं, पण नाशिकच्या कॉलेज रोडवर चालवलेल्या हाताने पहिल्यांदाच बर्फावर आणि तीही दुसऱ्याची गाडी? ह्यांनी एकदा घराच्या दारातच चाक गरागरा फिरवलं आणि किल्ली परत दिली. सिन नंबर (इथे नोकरीसाठी लागणारा सरकारी क्रमांक) काढायचा तर २५ आणि २६ डिसेंबर सुट्टी, मध्ये शनिवार-रविवार, मग नवं वर्ष. हे लॅपटॉप उघडून रोज अर्ज टाकायचे. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भरतीचं काम पाहणारी माणसंच रजेवर असतात, उत्तर कोण देणार? घर मिळेना, कारण नोकरीचं पत्र नाही. नोकरीचे फोन येईनात, कारण सुट्टी. आणि स्वयंपाकघरात मी, जाऊबाई आणि सासूबाई, तिघींची तीन मिठं. भांडण कुणाचंच नव्हतं. पण बाविसाव्या दिवशी निघताना सासूबाईंनी डोळे पुसले त्यात दुःख किती आणि सुटका किती, हे आजही आम्ही दोघी हसून एकमेकींना विचारतो.

पाहुण्याला परतीची तारीख असते, म्हणून त्याचं सगळं गोड लागतं. आमच्याकडे ती तारीख नव्हती.

आता मार्ग. आधी तुमच्या सीओपीआरवरची, म्हणजे पीआर मंजूर झाल्याच्या कागदावरची, शेवटची तारीख बघा. ती बहुधा मेडिकल तपासणीच्या एका वर्षाशी बांधलेली असते. त्यात उन्हाळा बसत असेल तर ऑगस्टमध्ये उतरा. शाळा सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीनंतर उघडतात, मुलं सगळ्यांबरोबर वर्गात बसतात (लसीकरणाची कागदं हाताशी ठेवा, शाळेला लागतात). ऑक्टोबरपर्यंत गाडी होते, नोव्हेंबरात विंटर टायर बसतात, आणि डिसेंबरात तुम्ही स्वतःच्या घराला कुलूप लावून सासऱ्यांकडे जाता. हे कुलूप लावून जाणं फार मोठी गोष्ट आहे. तारीख डिसेंबरातच संपत असेल तर पहिला आठवडा टोरांटोच्या आसपास एखादं तळघर भाड्याने घेऊन राहा, सिन नंबर, बँक, फोन उरका, आणि मग ओंटारिओ नॉर्थलँडच्या बसने आठ-दहा दिवस सडबरी. परतीचं तिकीट जातानाच काढा आणि सासूबाईंना तारीख आधीच सांगून टाका.

थंडीच्या सवयीबद्दल. निफाडला पारा चार-पाचवर आला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, ती आपली थंडी. पण तिचा स्वभाव वेगळा. नाशिकला थंडी घरात असते. पहाटे बाथरूमची फरशी पायाला चावते, खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. इथे घरात एकवीस डिग्री, मुलं चड्डी-बनियनवर हिंडतात. थंडी दाराबाहेर उभी असते, आणि ती थंडी म्हणून कळतच नाही. नाकातले केस ताठ होतात, बस्स. वाऱ्यासकट उणे तीसची जाणीव असेल तर उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, आणि गोठायला लागली की ती दुखायची थांबते. मुलं म्हणून तक्रार करत नाहीत. दर पंधरा मिनिटांनी गाल बघायचे. पांढरट डाग दिसला की आत, मग कितीही रडो. घरातली हवा मात्र हीटरने ठणठणीत कोरडी. दुसऱ्याच रात्री आमच्या पोराच्या उशीवर रक्त, नाकाचा घोळणा फुटलेला. मी घाबरून सगळं घर उठवलं. सासूबाईंनी शांतपणे नाकपुडीला साजूक तूप लावलं आणि खोलीत पाण्याचं पातेलं ठेवलं. आता ह्युमिडिफायर आहे, पण तूप अजून तेच.

कपडे नाशिकहून ढीगभर आणू नका. शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमधले स्वेटर आतून घालायला उत्तम, जॅकेट आणि बूट इथेच. मुलांचे तर सेकंडहँड दुकानातून घ्या, एका हिवाळ्यात आखूड होतात. सुती मोजे नकोत. ओले झाले की वाळत नाहीत आणि पाय गारठतात, लोकरीचे घ्या. मफलरपेक्षा गळ्यात घालायची लोकरी नळी बरी, खेळताना कुठे अडकत नाही. आणि चढवायचा क्रम पाठ करा: बर्फाची पँट, मग बूट, मग जॅकेट, टोपी, आणि हातमोजे सगळ्यात शेवटी. तुमच्या धाकट्याला हातमोजे आधी घालून झाले की जॅकेटची चेन कोण लावणार? पाच बोटांचे मोजेही नकोत. बोटं एकत्र राहणारे घ्या, बोटंच बोटांना ऊब देतात.

एक गोष्ट मात्र अजिबात हसण्यावारी नेऊ नका. कारसीटमध्ये जाड जॅकेट घालून मूल बांधायचं नाही. पट्टा जॅकेटवर आवळला जातो, अंगावर नाही. धक्का बसला की जॅकेट दबतं आणि मूल पट्ट्यातून सटकू शकतं. स्वेटरवर पट्टा लावा आणि वरून जॅकेट उलटं पांघरा. कारसीट नाशिकहून आणूही नका. तिच्यावर इथलं मॅपलच्या पानाचं सुरक्षा-चिन्ह नसेल तर ती वापरणं बेकायदेशीर आहे.

टोरांटो-सडबरी रस्ता साधारण चारशे किलोमीटर, म्हणजे नाशिक-पुणे जाऊन-येऊन होतं तेवढं. हायवे ४०० उत्तरेला जातो, पुढे त्याचाच ६९ होतो. उन्हाळ्यात चार-साडेचार तास. डिसेंबरात मी आकडा सांगत नाही. बॅरीच्या पुढे जॉर्जियन बेवरून (ह्युरॉन तळ्याचा फाटा) वारा वाहतो, तळ्याची वाफ उचलतो आणि जमिनीवर आला की बर्फ करून टाकतो. दहा मिनिटांपूर्वी ऊन होतं, आता समोरच्या ट्रकचे दिवेही दिसत नाहीत. पावसाळ्यात कसारा घाटात ढग उतरतो ना, तसंच, फक्त पांढरं आणि आडवं. पॅरी साउंडच्या पुढे काही पट्टा अजून दुभाजक नसलेला आहे, फोनची रेंजही मध्येमध्ये जाते.

दुसऱ्या वर्षी पोलिसांनी रस्ताच बंद केला आणि आम्ही पॅरी साउंडला एका मोटेलात रात्र काढली. रात्रीचं जेवण म्हणजे सासऱ्यांसाठी नेलेला नाशिकचा चिवडा आणि मशीनमधलं दूध. पोरगा अजून म्हणतो ती बेस्ट ट्रिप होती. मी तेव्हा ह्यांच्याशी बोलत नव्हते, कारण सकाळी आठला निघू म्हटलं होतं आणि निघालो अकराला. डिसेंबरात पावणेपाचला अंधार पडतो. निघण्याआधी ओंटारिओ ५११ या सरकारी संकेतस्थळावर रस्ता बघा, टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका, काच धुण्याचं पाणी उणे चाळीसवालंच घ्या, मागे फावडं आणि दोन ब्लँकेटं. विंटर टायर क्युबेकसारखे ओंटारिओत सक्तीचे नाहीत, म्हणून काही लोक वाचवतात. तुम्ही वाचवू नका. इन्शुरन्समध्ये थोडी सूटही मिळते.

पोहोचल्यावर दिरांनी आमच्या गाडीच्या नाकातून लोंबणारी वायर भिंतीतल्या प्लगला लावली. पोराला वाटलं गाडी चार्ज होतेय. इंजिन रात्रभर कोमट ठेवायचा हीटर असतो तो.

आता आजी-आजोबा, ज्यांच्यासाठी हे सगळं. माझे सासरे नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झाले. सडबरी हे निकेलच्या खाणींचं गाव. तिथे १९५१ च्या कॅनेडियन पाच सेंटच्या नाण्याची नऊ मीटर उंच प्रतिकृती उभी आहे. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते आधी तिथे नेतात आणि तेच वाक्य म्हणतात, ‘जन्मभर नोटा छापल्या, नाणं इथे भेटलं.’ आम्ही दर वर्षी हसतो, हसावंच लागतं.

पण तुमच्या सासऱ्यांच्या पायांकडे लक्ष ठेवा. मराठीत सगळ्यालाच बर्फ म्हणतो आपण, इथे फरक कळतो. भुसभुशीत पडतो त्याने काही होत नाही, वितळून परत गोठतो तो काचेसारखा आणि दिसतही नाही. माझे सासरे कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत न्यायला म्हणून चपलांवर बाहेर पडले, आणि सहा आठवडे मनगट प्लास्टरमध्ये. तेव्हापासून बुटांना रबरी पट्ट्याचे काटे. फावडंही त्यांच्या हातातून घ्या. ओला बर्फ जड असतो, त्या वयात थंडीत तो उपसणं हृदयाला झेपत नाही. ते देणार नाहीत. दारातला बर्फ उपसून झाला की रस्ता साफ करणारं यंत्र येतं आणि दाराशी पुन्हा बांध घालून जातं, त्या यंत्राशी आमच्या सासऱ्यांचं वैयक्तिक वैर आहे. तुम्ही त्यांच्या आधी उठा, एवढाच उपाय.

मुलांना घसरगुंडीसाठी टेकडी पुरते, फार बेत आखू नका. रॅम्सी तळ्यावर स्केटिंग असतं, पण पालिकेने बर्फ सुरक्षित असल्याचं जाहीर केल्यावरच. गावात तीनशेहून जास्त तळी आहेत, प्रत्येक पांढरं मैदान मैदान नसतं. हे नऊ वर्षांच्याला नीट बजावा.

बाकी सुट्टी घरातच जाते, आणि ती घरातली सुट्टीच मुलांना आठवते. एका वर्षी फ्रिज भरला म्हणून मिसळीच्या कटाचं पातेलं रात्री गॅरेजात ठेवलं. सकाळी सासूबाईंनी झाकण काढलं तर तर्री गोठून लालभडक तबकडी झालेली. त्यांनी ती दोन बोटांनी अख्खी उचलली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, ‘पाहा, नाशिकचा सूर्य.’ मग परत पातेल्यात टाकली.

त्यांचा खरा हिवाळा आम्ही निघाल्यावर सुरू होतो. नोव्हेंबर ते एप्रिल त्या एकट्या बाहेर पडत नाहीत. शाळा जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या सोमवारी उघडते, म्हणजे नातवंडं १४ तारखेला कधीच नसतात. म्हणून आमच्या सडबरीच्या घरात संक्रांत ३१ डिसेंबरला येते. लाडू वळून होतात, मुलांच्या गळ्यात हलव्याचे दागिने पडतात, पाया पडणं होतं, आणि रात्री बाराला टीव्हीवर फटाके.

तेव्हा सासूबाईंसाठी काय आणू असं विचारलंत ना, तर साड्या नका आणू. चिक्कीचा गूळ आणा, दोन किलो. साधा गूळ इथे मिळतो, पण चिक्कीचा मी सडबरीत कुठे पाहिला नाही, आणि साध्या गुळाचे लाडू तसे खुसखुशीत होत नाहीत. विमानतळावर खाण्याचे पदार्थ आहेत असं मात्र खरं सांगा.