जुन्या टीव्हीचं चित्र खालून वर पळत राहतं, पिक्चर ट्यूब गेली असेल का?

ट्यूब गेलेली नाही. ट्यूब उतरली की चित्र अंधुक होतं, चेहरे चांदीचा मुलामा दिल्यासारखे दिसतात, पण चित्र पळत नाही. ट्यूब गेली असं सांगणाऱ्या तुमच्या दुकानदाराने मागचं झाकण उघडलेलंच नाही, हे मी इथे बसून सांगतो.

तुम्ही लिहिलंय की वडील सेट-टॉप बॉक्सची वायर हलवत बसतात आणि थोड्या वेळाने चित्र थांबतं, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्या घरी १९९१ साली अगदी हेच. पुण्यात कसबा पेठेत वाडा, शटरचा २० इंची ब्लॅक अँड व्हाइट, कौलांवर अँटेना, तोंड अर्थात सिंहगडाकडे, दूरदर्शनचा टॉवर तिथे. संध्याकाळी बातम्यांना टीव्ही लावला की चित्र पळायला लागायचं, मग दादा कौलांवर चढणार, मी खिडकीतून "आलं, गेलं" ओरडणार, आणि दहा मिनिटांनी चित्र थांबायचं. दादा विजयी मुद्रेने खाली. मी तेव्हा आयटीआयला होतो, मी म्हणायचो की अरे अँटेना हलली असती तर पडद्यावर मुंग्या आल्या असत्या, डबल चित्र दिसलं असतं, आपलं चित्र स्वच्छ आहे, फक्त पळतंय. कोण ऐकतंय धाकट्याचं! जुलैत शेवाळलेल्या कौलावरून त्याचा पाय घसरला, मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर.

मग वर चढायला कोणी उरलं नाही. टीव्ही तसाच पळता ठेवला, आणि दहा मिनिटांनी आपोआप थांबला. रोज. शेजारच्यांचा व्हीसीआर आणून लावला, अँटेनाची वायर काढून, तरी तेच. सेट गरम झाला की चित्र बसायचं, बास. व्हर्टिकल सेक्शनमधे, म्हणजे चित्र वरून खाली आखणाऱ्या सर्किटमधे, हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्याला) चिकटलेला एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा पार्ट) वर्षानुवर्षं शेकून आतून वाळला होता. असा कपॅसिटर थंड असताना काम करत नाही, जरा तापला की कसाबसा चालतो. तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, दुसरा आणला, अडीच रुपये, आणि बसवला. दादा अजूनही म्हणतो की शेवटच्या दिवशी त्यानेच अँटेना बरोबर फिरवली होती म्हणून टीव्ही सुधारला. तीसहून जास्त वर्षं झाली, पावसाळ्यात मनगट दुखतं तरी म्हणतो.

तर तुम्ही आज एवढंच करा, वायरला हात लावू नका आणि घड्याळ लावून बसा. आपोआप थांबलं तर बहुधा कपॅसिटरच. मागे व्ही-होल्डचा, म्हणजे चित्र वर-खाली पळू न देण्याचा, नॉब असेल तर हळू फिरवून बघा, चित्र क्षणभर थांबून कधी वर कधी खाली सरकत असेल तर ऑसिलेटर (चित्राला ताल देणारं सर्किट) ठीक आहे, सिंक (चित्र जागेवर धरणारा सिग्नल) पोचत नाहीये, आणि नॉब पूर्ण फिरवूनही थांबतच नसेल तर ऑसिलेटरचेच पार्ट बघा. टीव्हीच्या डब्यावर हलकी टिचकी मारून फरक पडला तर ड्राय सोल्डर, म्हणजे आतले टाके सुटलेत, ते टाके पुन्हा मारून घ्या.

हां, एक आधी सांगायला हवं होतं. गरम होऊनही कधीच थांबत नसेल तर बॉक्सच्या सेटिंगमधे एनटीएससी (अमेरिकेतली टीव्ही पद्धत) झालंय का बघा, आपले जुने सेट पाल (PAL) या आपल्याकडच्या पद्धतीचे, सेकंदाला ५० फील्डवाले (फील्ड म्हणजे अर्धं चित्र), त्यांना ६० दिले तर पळणारच. आणि सिग्नल फारच पडला तर सिंक सुटतो हेही खरं, पण तेव्हा मुंग्या येतातच, म्हणजे दादाचं तरीही चूकच.

झाकण मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढला तरी मेन फिल्टरमधे ३०० व्होल्ट बसलेले असू शकतात, ट्यूबच्या रबरी टोपीखाली तर हजारांत असतात. जुना मेकॅनिक शोधा, "व्हर्टिकलचे सगळे इलेक्ट्रोलिटिक बदल" एवढं सांगा, आणि कपॅसिटर १०५ डिग्रीचेच घ्यायला लावा, ८५ चे नकोत, ते पुन्हा वाळतील.